पिठाचा डबा

पहिल्या दिवशी अकरा फोन गोळा करून
कप्तान मार्युननं माझ्या हवाली केले.
ओल लागणार नाही अशा जागी ठेव, म्हणाली.
बोटीवर तशी जागा एकच.
पिठाचा डबा.

एकेचाळीस दिवस मी त्याच डब्यातून पाव मळला.
हात खोल गेला की बोटांना लागायची
एखादी थंड, गुळगुळीत काच
आणि मी ती पुन्हा पिठाखाली लोटायचो,
झोपलेल्या पोराचा पाय पांघरुणात घालावा तशी.

आज पहाटे चारच्या पाळीला रान्वा सुकाणूवर होती.
बाकीच्यांना झोपायला पाठवलं होतं,
तरी एकेक करून वर आली सगळी,
ब्लँकेटं गुंडाळून, न बोलता.
धुकं इतकं की डोलकाठीचं टोक दिसेना.
बेटं दिसायच्या आधी त्यांचा वास आला,
मेंढ्यांचा, टांगलेल्या मासळीचा, डिझेलचा.
"काय घाण वास आहे," बाइनिर म्हणाला
आणि बराच वेळ नाक पुसत राहिला.

हीच ती पोरं.
आयर्लंड मागे पडायच्या आत बोट लागली होती सगळ्यांना.
बादल्या पुरेनात, शेवटी मी सूपाचं पातेलं दिलं,
ते परत कधी वापरलं नाही.
हेग्नीनं तर बंकच्या फळीवर चाकूनं रेघा ओढल्या,
दिवसाला एक,
कैदी ओढतात तशा.
काल फळी पुसताना मोजल्या मी.
एकोणीस.
विसाव्या दिवशी काय झालं होतं?
वही काढून पाहिली :
वारा नैर्ऋत्य, मध्यम. जेवायला मसूर.
बस, एवढंच.

क्लाक्स्विकच्या धक्क्यावर आया, धाकटी भावंडं,
एक ओला कुत्रा, कुणाची तरी आजी घडीच्या खुर्चीत.
रान्वानं दोर फेकला,
पहिल्याच फेकीत खुंटाला बसला.
धक्क्यावर कुणाच्या ते ध्यानातही आलं नाही.
बोटीवरच्या दहाजणांनी मात्र
एकाच वेळी श्वास सोडला.

मग मी डबा घेऊन शिडीपाशी उभा राहिलो.
पीठ झटकत एकेक फोन हातात ठेवत गेलो.
ते जागे झाले, किणकिणले, थरथरले,
एकेचाळीस दिवसांचं सगळं एकदम सांगू लागले.
पोरांनी ते तसेच खिशात टाकले
आणि आधी एकमेकांकडे पाहिलं.

उतरली, तर पाय फाकून उभी.
रान्वा आईच्या मिठीत डाव्या अंगाला कलली.
"चक्कर येतेय का गं?"
"नाही आई, धक्का हलतोय."
जाताना बोट लागली होती.
आता जमीन लागली.

संध्याकाळी बोट रिकामी.
मी एकट्यासाठी कांदा चिरत होतो
आणि डबा वाजायला लागला.

हेग्नीचा फोन.
त्याला न्यायला कुणी आलं नव्हतं.
त्यानं दोर गुंडाळू लागला, पिशवी खांद्यावर घेतली,
फोन मागितला नाही. मीही विसरलो.
पिठाआडून पडद्यावर अक्षरं : बाबा.

मी उचलला.
"पोहोचला?" आवाज दुरून, ग्रीनलंडजवळच्या मासेमारी बोटीवरून.
"पोहोचला. मी इथला आचारी."
"बोट लागली का त्याला?"
"तीन दिवस. चौथ्या दिवशी पाव मागितला."
पलीकडे नुसतं इंजिन,
आणि त्यामागे पाणी, जे मला नावानिशी ओळखू येतं.
मग तो म्हणाला,
"मला नऊ दिवस लागली होती.
त्याला सांगू नका."

फोन ठेवला. कानाला पीठ लागलं होतं.
उद्या येईल पोरगा, फोन न्यायला.
त्याच्या रेघा मी घासून काढलेल्या नाहीत,
पुढच्या खेपेला त्या बंकमध्ये कुणी तरी झोपेल
आणि मोजेल.
नऊ दिवसांचं मात्र सांगणार नाही.
बहुधा.