खडूचे अकरा गोल

वजनकाट्यावर ती चौदाशे दहा किलो भरली.
काटेवाल्या सोनाजीने त्यातून तीस वजा केले,
धूळ, माती आणि गंज म्हणून.
गंजाचे पैसे जालन्यात कुणी देत नाही.

मी लॅबमध्ये असते, भट्टीपासून सत्तर पावलांवर.
रोज पळीभर वितळलेलं लोखंड माझ्यापर्यंत येतं,
निवतं,
आणि मी सांगते यात कार्बन किती, गंधक किती.
आधी ते काय होतं ते कागदावर लिहायला रकाना नाही:
कडबा कापायचं यंत्र, पंख्याची पाती,
पंचायत समितीचं न उघडणारं कपाट.
पण ही डॉज होती, चोपन्न सालची, कुण्या जिनिंगवाल्याची,
आणि पुढच्या जाळीवर
कुठल्याशा दसऱ्याचं कुंकवाचं बोट अजून होतं.
मी दिवाळीचा बोनस मोजला
आणि तिला भट्टीच्या रांगेतून बाहेर घेतलं.

मंठा रोडला जिलानी उस्तादांच्या शेडमध्ये
बॉडी उतरली. उरली नुसती चेसी,
शिडीसारखी, विटांच्या चार थरांवर आडवी.
उस्ताद हातोडी घेऊन वाकले, कान लावून ठोकत गेले,
टण, टण, टण,
मग एका जागी: थप.
"यहाँ," म्हणाले, आणि खडूने गोल केला.
असे अकरा गोल.

आपल्याकडे गंजायला पाणी कुठंय, मी म्हटलं,
नळ तर बाराव्या दिवशी येतो.
त्यांनी सायकलच्या आरीचा आकडा वाकवून
पोकळ पट्टीत घातला, फिरवला, ओढला.
कापूस आला.
चहाच्या चोथ्यासारखा काळपट, ओला नाही, दमट,
हातभर, मग दोन हात, मग टोपलीभर,
त्यात सरकीचे दोन दाणेसुद्धा.
कधीतरी जिनिंगच्या पटांगणात उडालेला.
मिळाली ती ओल धरून ठेवायची, एवढंच त्याने केलं होतं,
पन्नास वर्षं, मन लावून.

मग तारेचा ब्रश, घासकागद, रॉकेल.
ॲसिड मी विकत आणलं, लॅबमधून नाही. पावती आहे.
फॉस्फरिक लागलं की तांबडं काळं पडतं,
त्याचं समीकरण मला पाठ;
उस्ताद नखाने खरवडतात, वास घेतात,
म्हणतात, "अजून एक हात, केमिस्टबाई."
वरून रेड ऑक्साइड.
डब्यावरचं वाचून मला हसू आलं.
गंजच तो, दळून, गाळून, शिस्तीत लावलेला.

आतल्या बाजूला ब्रश पोचत नाही.
तिथं उस्तादांच्या सासऱ्यांची कृती:
करडीचं तेल मंद आचेवर आटवायचं, मेण सोडायचं,
मोटेच्या चामड्याला ते हेच लावायचे म्हणे.
गुरांच्या दवाखान्यातली मोठी पिचकारी,
आणि पट्टी पाजत पाजत जायचं.
शेजारची पोरं विचारून गेली, काय तळायलेत?

खाली पाच भोकं होती, बोट जाईल एवढी.
वेल्डिंगने बुजवू का, मी विचारलं.
उस्ताद विडी शोधत होते.
"पानी तो आताच है, बाई.
उसको जाने का रस्ता छोडो."

आज बघायचं म्हणून मी टँकरची एक बादली आणली.
मथुराबाई कठड्यावरून बघत होत्या.
"माणसाला हंडा मिळंना, अन् लोखंडाला अंघोळ?"
खरं आहे. मला उत्तर सुचलं नाही.
खाली परात ठेवली, तेवढं तुळशीला तरी जाईल,
तेलकट पाणी तुळशीला चालतं का, देव जाणे.

वरून हळूहळू ओतलं आणि पाठीवर सरकत खाली गेले.
पहिल्या भोकातून धार.
दुसऱ्या, चौथ्या, पाचव्यातून थेंब, घाईचे.
तिसरं कोरडं.
आत कुठेतरी पाणी थांबलंय, किंवा कापूस राहिलाय,
किंवा मेणच जास्त झालं.
उस्ताद नमाजाला गेलेत.
मी बोट लावून पडून आहे.