चौदाव्या होलवर

योर्कटनमध्ये आज उणे एकतीस.
खऱ्या मैदानावर नोव्हेंबरपासून बर्फ पडून आहे,
नवव्या ग्रीनवरून एक कोल्हा तेवढा जातो,
स्कोअर न लिहिता.

आम्ही पडद्यावर खेळतो.
मंगळवारची लीग, सोळा माणसं,
चालवते मी, डार्लीन प्रोकोपचुक.
सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली,
मधेच उतरणारे मला नवीन नाहीत.

पण बसमधून उतरताना दार तरी वाजतं.
इथे चेंडू हवेत असतो
आणि समोरचं नाव करडं होतं.
बस्स.

वही घातली आहे मी.
गॉर्ड, विनिपेग: तिसऱ्या होलवर,
दोन चेंडू तळ्यात घालवून. म्हणे वीज गेली.
माझी नणंद त्याच्याच गल्लीत राहते.
वीज गेली नव्हती.
मार्लिस: सातव्यावर. म्हणे केक करपला.
दर मंगळवारी करपतो.

रडीचा डाव पोरंही खेळतात,
पण ती निदान रडतात.
ही साठी उलटलेली माणसं
कोरड्या डोळ्यांनी डाव मोडतात
आणि दुसऱ्या दिवशी अंगठा वर करून
'शुभ सकाळ' पाठवतात.

तर नियम असा:
पहिल्यांदा पळालात, तर मी फोन करते.
दुसऱ्यांदा, एक आठवडा बाहेर.
तिसऱ्यांदा नाव खोडते, शाईने.

ऑर्व्हिल टॅगार्ट, फ्लिन फ्लॉन, मात्र नियमात बसेना.
चौदाव्यावर जातो. नेहमी चौदाव्यावर.
आणि पुढे असताना!
हरताना पळणारा कळतो हो,
हातात आलेला डाव टाकून जाणाऱ्याला
काय म्हणायचं?

फोन केला.
बराच वेळ नुसता श्वास. मग म्हणाला,
"चौतीस वर्षं खाणीत होतो, बाई.
पाळी संपल्याशिवाय वर येता येत नसे,
बायकोला कळा सुरू झाल्या तेव्हासुद्धा.
आता येता येतं.
म्हणून येतो."

मी म्हटलं, आणि मी?
माझे चार होल उरतात त्याचं काय?

"खेळता का तुम्ही ते?"
खेळते. एकटीने. सोडलेलं मला बघवत नाही.
"माहीत आहे," म्हणाला, आणि फोन ठेवला.
फोनसुद्धा त्यानेच आधी ठेवला.

एक आठवडा बाहेर काढला त्याला.
खाण असो नाहीतर केक, नियम एकच.

पुढच्या मंगळवारी गॉर्ड पाचव्यावर गेला.
उरलेले तेरा होल माझ्या एकटीचे,
खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरलेलं,
चहा कधीचाच निवला.
अठराव्यावर पोचले तेव्हा
पडद्याच्या कोपऱ्यातली ती खूण दिसली,
प्रेक्षक किती ते सांगणारा बारीकसा डोळा,
त्याच्यापुढे आकडा: एक.

नेम धरला. चेंडू कडेला घासून बाहेर गेला.
पुन्हा मारावा लागला.
एक तसाच होता.