पंचेचाळीस

भुसावळच्या रेल्वे दवाखान्यात
डॉक्टरांनी एक जाड पुस्तक उघडलं.
पानापानावर ठिपक्यांची चाळणी,
अन् दर चाळणीत म्हणे एक आकडा.
मला चाळणीच दिसली.
रांगेत माझ्या मागचा वरणगावचा पोरगा
खांद्यावरून डोकावून वाचत होता,
बारा, एकोणतीस, चौऱ्याहत्तर,
दुकानाची पाटी वाचावी तसा.

एका पानावर मात्र मी अडखळलो नाही.
म्हणालो, पंचेचाळीस.
डॉक्टरांनी चष्मा कपाळावर घेतला.
"इथं काही दिसत नसतं," म्हणाले,
"म्हणजे, आम्हाला दिसत नसतं."
मग फॉर्मवर लाल शिक्का मारला,
किंवा हिरवा.

घरी सांगितलं तेव्हा आई मिरच्या खुडत होती.
मान वर न करता म्हणाली,
"तापीरामचं आलं."
तापीराम मामानं एका पोळ्याला
बैलाचं एक शिंग लाल रंगवलं, एक हिरवं,
दोन्ही लालच समजून,
अन् छाती काढून वेशीपर्यंत मिरवला.
गाव हसलं. बैलाला काही वाटलं नाही.
पण वाळक्या गवतात
गवत होऊन बसलेला लावा
मामालाच आधी दिसायचा.
बाकीचे त्याच्या बोटाकडे बघत राहायचे.
बोटाच्या पुढं नुसतं गवत.
हे सगळं आईच्या पदराआडून माझ्यापर्यंत आलं,
तिला स्वतःला मात्र
लाल लालच दिसत राहिलं.

आता मी रावेरला, टिश्यूकल्चरच्या नर्सरीत.
एका कंदाची लाख रोपं,
एकच पान लाखदा उघडलेलं.
माझं काम एवढंच :
वेगळं निघेल ते उपटायचं.
बाकीचे रंगावर जातात, अन् फसतात.
मी बघतो देठांची दाटी,
पानाची मान किती लवली ते,
पोग्यावरचं मेण.
किरंगे सर पाहुण्यांना सांगतात,
"याच्या नजरेतून बुटकं सुटत नाही, भो!"
मी हसतो. ट्रे पुढं सरकवतो.
रात्री कधी वाटतं,
बिघडलेल्यालाच बसवलंय
बिघडलेलं हुडकायला.

एक बुटकं घरी आणलं,
भाकरीच्या डब्यात, ओल्या फडक्यात गुंडाळून.
मोरीमागं लावलं.
"हे कुबडं कशाला?" आई म्हणाली,
अन् धुण्याचं पाणी तिनंच तिकडं वळवलं.

मे सरताना वारं आलं.
अर्ध्या तासात शिवारातल्या बागा आडव्या,
घडांसकट, सगळ्या एकाच अंगाला,
जसा कुणी भांग पाडावा.
मोरीमागचं उभं होतं.

इथंच थांबलो असतो तर गोष्ट बरी झाली असती.
पण त्याचा घड गळ्यातच अडकला.
फण्या एकमेकींत रुतलेल्या,
केळी अंगठ्याएवढी, वाकडी.
वखारीत कुणी हात लावला नसता.
गोड होती. फार नाही.

परवा बहीण आली, पोराला घेऊन.
पूर्वेशनं शाळेत पोपट तपकिरी रंगवला,
बाईंनी वहीत लाल शेरा लिहिला.
तो त्याला शाईचाच वाटला,
म्हणून दाखवायला पळत आला होता.
बहीण डोळे पुसत सांगत होती, दोष माझाच का रे?
मला उत्तर आलं नाही.
पोराला घेऊन मोरीमागं बसलो.
थोड्या वेळानं तो कुजबुजला,
"मामा, सरडा."
मलाही केव्हाचा दिसत होता,
वाळल्या केळपानावर, केळपान झालेला.
"कुठंय?" बहीण म्हणाली,
अन् आमच्या बोटांकडे बघत राहिली.

ती जवळ आली, खाली वाकली,
तेव्हा तो हलला, अन् तिला दिसला.
"अगं बाई," म्हणाली,
"हा इथंच होता?"

बुडाशी तीन पिलं फुटलीत.
दोन बुटकी.
तिसरं सरळ उंच चाललंय,
ते कुणावर गेलं, कळत नाही.