छेद सत्तावीस

कडुनाहून बदलीचा कागद घेऊन मी आलो
तेव्हा हरमत्तानची धूळ उडत होती,
आणि मालम सांदांच्या मदरशात कडुनिंबाखाली
साठ पोरं लाकडी फळ्या मांडीवर घेऊन डुलत होती.
सरकारी हुकूम : सकाळी कुराण, दहानंतर गणित.
मालमनी वाचला, घडी करून टोपीत ठेवला.
म्हणाले, सावली दोघांना पुरेल.

पुढे महिनाभर आम्ही फारसे बोललो नाही.
त्यांची शाई काजळीची, डिंकात खललेली.
धडा पाठ झाला की फळी धुऊन ते पाणी पोरं पिऊन टाकत.
माझं पुसलेलं नुसतं नाकात जायचं.

मग एका बुधवारी लुबाबातू उठली.
बाप जाऊन चाळीस दिवस झालेले.
मागे आई, ही, धाकटी बहीण, आजोबा, आजी
आणि शेळ्या सत्तावीस.
"आईचा आठवा हिस्सा काढला, सर,
तर शेळी जिवंत राहत नाही."

मी हसलो. फळ्यावर मांडलं.
आईला अष्टमांश, लेकींना मिळून दोन तृतीयांश,
आजोबांना षष्ठांश, आजीलाही तेवढाच.
लसावि चोवीस.
तीन, सोळा, चार, चार.
खडू थांबला.
चोवीसात सत्तावीस कसे मावतील?
चुकलं असेल, म्हटलं. पुन्हा केलं.
सत्तावीस.

मालम पहिल्यांदाच फळ्याशी आले.
खडू बोरूसारखा धरला,
छेदातले चोवीस अंगठ्याने पुसले
आणि तिथे लिहिले सत्तावीस.
"कुणाला उठवायचं नाही.
सगळ्यांनी थोडं थोडं सरकून बसायचं.
आठवा नववा होतो. जुनी रीत आहे."

सोळा वर्षं शिकलो मी. छेद म्हणजे कापणं, एवढंच ठाऊक.

"पण राबते सगळ्यांत जास्त आई," लुबाबातू म्हणाली,
"मग तिलाच सगळ्यांत कमी का?"
मालम माझ्याकडे बघू लागले, मी त्यांच्याकडे.
घंटा झाली. मी डस्टर उचललं.
"राहू दे," ते म्हणाले, "उद्या सकाळी मलाही लागेल."

त्या आठवड्यात वाटणी झाली.
आईच्या तिघींतली एक गाभण निघाली.
ते ना त्यांनी धरलं होतं, ना मी.