संदर्भसूची

खवणेकर सर कपाटाचं दार आधी खांद्यानं ढकलतात, मग ओढतात.
दमट हवेनं फुगलेलं लाकूड तेवढंच ऐकतं.
पाचशे चौऱ्याण्णव : मृदुकाय प्राणी.
सात पुस्तकं, त्यातलं एक कसरीनं
गाळणी करून ठेवलेलं,
आणि एक टंकलिखित प्रबंध,
ज्याच्या पाठच्या चिठ्ठीवर तीनच तारखा,
शेवटची माझ्या जन्माआधीची.

ग्रंथालयाच्या खिडकीतून जेटी दिसते.
वाळत घातलेल्या सुंगटांचा वास
पंख्याबरोबर फिरतो, पानं उलटतो.

आधी आडनाव, सर म्हणाले, मग नाव, मग साल,
मग पान. पान विसरलीस
तर पुढच्या माणसाला अख्खी खाडी उपसावी लागेल.
बोयांना चिंधी का बांधतात गं?
जाळं कुणाचं ते कळावं म्हणून.
झालं तर, म्हणाले, आणि चहाला गेले.

मी बारा तळटीपा लिहिल्या.
उसना स्वल्पविरामसुद्धा नोंदवला असता
इतकी प्रामाणिक.

चौदाव्या पानावर माझं वाक्य होतं :
आषाढाच्या तोंडाला तिसरी दुधाळ होते,
अशा तिसऱ्या वाळूत परत सोडणे हितावह.
स्वच्छ, कडक इस्त्रीचं.

सरांची पेन्सिल नेमकी तिथं टेकली.
हे कुठलं?
माहीतच आहे की सर. आमच्याकडे सगळ्यांना.
सगळ्यांना म्हणजे कुणाला?

ट्यूबलाइटची गुणगुण.
वेळ काढायला मी उगाच प्रबंध उघडला,
पान एकसष्ट :
‘स्थानिक स्त्रियांच्या म्हणण्यानुसार.’
एवढंच.
गुडघाभर चिखल, पाठीवर ऊन,
टोपलीची ओली कड घासून कमरेला पडलेला घट्टा,
आणि आडनाव नाही, साल नाही.
मी तर तेवढंही लिहिलं नव्हतं.

वाक्य आतेचं होतं.
अमावास्येची सुकती, उधाणाचं पाणी लांब गेलेलं,
पायाच्या अंगठ्यानं वाळू चाचपत
ती म्हणाली होती, माझ्याकडे न बघता,
‘ह्ये दुदाक इलेत. सोड. पोटात पोरां आसत.’
तिच्या तोंडून माझ्या वहीत येईपर्यंत
सगळी वाळू झडून गेली होती.
तीही.

सरांनी जुन्या तालिकापत्राच्या कोऱ्या पाठीवर लिहून दाखवलं :
आरोंदेकर, शेवंती. तोंडी माहिती.
कालावल खाडी, ज्येष्ठ अमावास्या, पहाटेची ओहोटी.
आणि पान क्रमांक? मी विचारलं.
ते हसले नाहीत.
ओहोटी लिहिली ना, म्हणाले.

अकारविल्हे लावताना आ सगळ्यात वर आला.
दोन डॉक्टर आणि एक गोरा साहेब तिच्या खाली.

रात्री आतेला दाखवलं.
वाचते ती, सावकाश, अक्षराखाली बोट धरून.
‘माजा नाव कित्याक? मिया काय बूक लिवलंय?’
तरी बोट तिथून बराच वेळ हललं नाही.
कागदाला मासळीचा वास लागला. लागू दिला.

मग ते उतरलं खाली, एकेका नावावरून,
शेवटच्या ओळीशी थांबलं,
आणि तिनं विचारलं, अगदी साधेपणानं,
‘आणि ह्ये?
ह्ये कितक्या पाण्यात उतरले हुते?’