तीसच्या वर नाही

पंधराव्या वर्षी इथे पोरांना गाडी चालवता येते.
फक्त ती ट्रॅक्टर असावी लागते,
निदान कागदावर तरी.
वरचे गिअर बंद, मागची सीट काढलेली,
पाठीवर लाल त्रिकोण,
वेग ताशी तीस.
आमच्या कुत्र्याने मनावर घेतलं तर तो पुढे जाईल.

गॅरेजात उणे अठरा. हीटर नुसता आवाज करतो.
सिग्ने व्हॉल्वोखाली. बाहेर फक्त बूट,
आणि बुटांकडून हुकूम: "तेरा नंबर."
"तेरा कुठंय? तूच हरवलास."
तीन वर्षं हेच वाक्य पिळतोय मी,
त्याचे आटे झिजलेत.

उमेओहून तिच्या आईचा फोन:
ब्रेक झाले का? आधी ब्रेक करा.

सीट निघता निघेना.
बोल्ट गंजून पत्र्याशी एकजीव.
मी शिव्या देतो. सिग्ने तेल सोडते
आणि थांबते.
थांबणं कुणाकडून शिकली कोण जाणे,
माझ्याकडून नाही.

कर्रकन सीट सुटली.
खाली बटाट्याचे वाळके काप, बर्फातल्या मासेमारीचा गळ,
आणि तेरा नंबरचा पाना.
मी हत्यारांची पेटी टाकायचो, बरोबर त्याच कोपऱ्यात.
तिने तो पँटला पुसून
माझ्या तळहातावर ठेवला.
बोलली काही नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

"हौद्याचं वेल्डिंग तू कर," मी म्हणालो.
मला एवढंच जमलं.
तिचा पहिला जोड वाकडा, गाठी आलेला.
मी ग्राइंडर उचलला,
परत ठेवला.

मे महिन्यात बर्फाखालून डांबर वर आलं.
सोमवारी माझ्या ट्रकवर बेचाळीस टन पाइन,
कारखान्यात आठला पोचायचं,
आणि विल्हेल्मिनाच्या अलीकडे, वळणावर,
लाल त्रिकोण.

वीस वर्षं असल्या पोरांना मी हॉर्न मारत आलोय.
त्रिकोणाच्या खाली तो जोड,
त्यावर रंग चढलेला, तरी मला ओळखू येणारा.
मागे रांग लागली. कुणी दिवे मारतंय.
मी गिअर उतरवला.
मोकळा सरळ रस्ता दोनदा आला,
दोनदा गेला.

कारखान्यात विचारलं, उशीर का?
म्हटलं, पुढे ट्रॅक्टर होता.