डावा पाय

म्हसावद मागे पडलं, राणीपूरला चहा झाला,
आणि कालापानीच्या पुढे रस्त्यानं मान वर केली.
गाडी छोटी. तिला दोनच पेडल.
शेजारी आबा, पट्ट्यात आवळलेले,
शहादा डेपोत एकतीस वर्षं ड्रायव्हर,
आणि त्यांचा डावा पाय
प्रत्येक वळणाआधी
खाली खोल दाबला जायचा.

तिथे काही नव्हतं.
रबरी मॅट, आणि पंपावरची एक चुरगळलेली पावती.

मागे भिकन महाले, त्यांचे कंडक्टर,
खांदा अजून पेटीच्या बाजूला कललेला.
पलीकडे वत्सलामावशी, डोळे मिटून, तोंडात लवंग.
वळण आलं की मावशी माझी सीट धरायच्या,
आणि सीट मला.

चढावर ही गाडी मध्येच थबकते.
दुसऱ्यातून पहिल्यात जाताना
एक श्वासभर ती कुणाचीच नसते.
शोरूमचा पोरगा म्हणाला होता,
मॅडम, तुम्ही फक्त पाय ठेवा, बाकी ती बघते.
बघते खरी,
पण घाटात आधी विचार करते.
"ही काय इचार करानी जागा से?"
आबा काचेकडे बघत म्हणाले,
मला की तिला, कळलं नाही.

मी एसी बंद केला. काचा खाली.
दांडा एमकडे ढकलला, पहिला धरून ठेवला.
वाळल्या गवताचा वास आत आला,
आणि इंजिनाचा, जरासा करपलेला.

सात पायरीतल्या चौथ्या वळणावर
एक पावरा बाई उभी.
डोक्यावर सीताफळांची टोपली, बोटाला पोर.
हात केला नाही तिनं.
गाडी केवढी, आत किती, नुसतं मोजलं नजरेनं
आणि पोराला कडेला ओढलं.

टण.
भिकनकाकांची अंगठी, काचेवर, एकदाच.
आबांचे दोन्ही पाय दाबले गेले,
माझा एक.
"इथं? चढावर?"
"आम्हीन घाटमा कोनलेच सोडं नही,"
आबा म्हणाले, आणि विषय संपला.

टोपली मावशींच्या मांडीवर,
पोर भिकनकाकांच्या,
गाडी मागच्या चाकांवर बसली
म्हशीसारखी.

टण टण.

मी ब्रेक सोडला आणि गाडी मागे आली.
वीतभर असेल.
आरशात रस्ता नव्हता, नुसतं आभाळ
आणि खाली कुठेतरी सागाचे शेंडे.
कुणी ओरडलं नाही. लवंग कडकन फुटली फक्त.
आबांच्या हातानं हँडब्रेक ओढला,
तो हात तिथेच राहिला.

"दे आते. आखो दे.
आवाज भरू दे तिना."

मी दिला. आवाज भरत गेला,
बॉनेट थरथरलं,
त्यांचा हात मुंगीच्या पावलानं खाली उतरू लागला
आणि मी, बघू नये तेव्हा, बघितलं:
डावा पाय मॅटवरून वर येत होता,
हळू, इतका हळू,
जणू टाचेखाली अंडं आहे.

गाडीनं ते कसं ऐकलं, देव जाणे.
निघाली.

पुढच्या तीन वळणांत कुणी बोललं नाही.
फक्त पोर भिकनकाकांची अंगठी
बोटातून फिरवून काढायचा प्रयत्न करत होतं.

वर, तलावाच्या काठी, बाईनं दहाची नोट पुढे केली.
भिकनकाकांचा हात सवयीनं गेला,
अर्ध्यावर थांबला, ओशाळला,
मग तिनंच त्यावर दोन सीताफळं ठेवली.

आबा म्हणाले, बसून बघतो जरा, बंदच राहू दे.
बसले माझ्या जागी. आरसा स्वतःपुरता केला.
उजवा पाय ब्रेकवर, बरोबर.
डावा थोडा पुढे गेला,
परत आला,
दाराकडे सरकला, मग सीटखाली.

"आनि यानं काय करानं?"

मला सांगता आलं नाही.
भिकनकाकांनी बी थुंकली पाण्याकडे.
"त्याले पेन्शन लागू कर," म्हणाले.

आबा हसले नाहीत.
दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून
बराच वेळ बसून राहिले,
उताराकडे तोंड करून.